स्वल्पविरामानंतरच्या वस्त्या

पडद्यावर सगळ्या गावांची नावं फुटली होती. बोरखडीच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मांडव्याच्या जागी तसलीच, आणि खाली दोनशे चौदा ओळी नुसता कचरा. रणदिवे मॅडम खुर्चीत पुढे वाकून बघत होत्या. मी त्यांच्या मागे उभा होतो. मला आतून इतकं बरं वाटत होतं की ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मराठी कळत नाही वाटतं तुमच्या प्रोग्रामला," मी म्हणालो.

"प्रोग्रामला कळतंय काका, एक्सेलला कळत नाहीये. फाईल कोणत्या पद्धतीनं लिहिलीय हे त्याला आधी सांगावं लागतं." त्यांनी एका ओळीत चार-सहा अक्षरं वाढवली, प्रोग्राम पुन्हा चालवला आणि फाईल उघडली. बोरखडी, सावरदरा, कोळपे, मांडवे. काना-मात्रा, वेलांट्या, सगळं जागच्या जागी.

"ही बघा, आली तुमची गावं," त्या हसून म्हणाल्या.

पुरतं एक मिनिटही लागलं नव्हतं. मी चष्मा घातला, "छान," म्हणालो आणि बाहेर येऊन गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

माझं नाव विश्वनाथ गुंजाळ. सोनवळ नदीवरच्या खडकमाळ धरणावर मी बिनतारी यंत्रचालक होतो. पुढे बिनतारी गेली आणि टेलिफोन उरला, पण हुद्दा तोच राहिला. धरणातून नदीत पाणी सोडायचं असलं की खालच्या गावांना आधी कळवायचं, हे माझं काम. पावसाळ्यात पुराचं पाणी, उन्हाळ्यात खालच्या शहरासाठी पिण्याचं आवर्तन. बावीस वर्षं मी फोन केले. सुरुवातीला पाटलांच्या घरी आणि पोस्टात, नंतर मोबाईलवर. कोणाचा फोन कधी लागतो, कोण बहिरा आहे, कोणाच्या सुनेला निरोप दिला तर तो पोचतो, हे सगळं मला पाठ होतं. गावोगाव मला कोणी पाहिलेलं नव्हतं, पण आवाज सगळे ओळखायचे. एकदा मेहुण्याच्या लग्नात कोळप्याला गेलो होतो. पंगतीत मी नुसतं "भात वाढा" म्हणालो, तर पलीकडच्या ओळीतला म्हातारा वळून म्हणाला, "अरं, हे धरणावरचं सायेब न्हवं का?" त्या जेवणाची चव मला अजून आठवते.

शलाका रणदिवे कनिष्ठ अभियंता म्हणून आल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "काका, दोनशे चौदा फोन करायला किती वेळ लागतो?"

"तीन तास. कधी साडेतीन."

"आणि शेवटच्या गावाला फोन जाईपर्यंत पाणी कुठवर आलेलं असतं?"

प्रश्न बरोबर होता, आणि बावीस वर्षांत तो मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःही स्वतःला विचारला नव्हता.

मग त्यांचं काम सुरू झालं. माझी यादी एक्सेलमध्ये होती, नदीच्या टप्प्यांप्रमाणे बारा पानांवर, एकेक ओळ मी माझ्या बोटांनी टंकलेली. त्या यादीवरून दोनशे चौदा जणांना एका फटक्यात मोबाईलवर संदेश जावा, अशी त्यांची योजना होती. संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेला एक्सेल चालत नव्हतं. तिला हवी होती साधी, अक्षरांची फाईल. एका ओळीत एक माणूस: आधी गाव, मग नाव, मग नंबर, आणि दोन रकान्यांच्या मध्ये फक्त स्वल्पविराम. मॅडमनी पायथन नावाच्या भाषेत पन्नासेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो माझी बारा पानं वाचायचा आणि ती फाईल लिहून काढायचा. कळ दाबली की डोळ्याची पापणी लवेस्तोवर फाईल तयार.

उपअभियंता कुलथे साहेब तर खूश झाले. आधी साहेब सकाळी आले की माझ्या टेबलाशी थांबायचे. "काय विश्वनाथराव, नदी काय म्हणते?" हे त्यांचं रोजचं वाक्य. आता ते सरळ मॅडमच्या टेबलाकडे जायचे. वरिष्ठ पाहणीला आले तेव्हा साहेबांनी मॅडमना पुढे करून सांगितलं, "तीन तासांचं काम हिनं तीन सेकंदांवर आणलं." ते तीन तास म्हणजे मी होतो. मी कोपऱ्यात बिस्किटांची बशी धरून उभा होतो.

बाईंचा स्वभाव वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्या मला काका म्हणायच्या, डब्यातली चटणी माझ्या पोळीवर घालायच्या, प्रत्येक बारीक गोष्ट मला विचारून करायच्या. साहेबांसमोर मुद्दाम म्हणायच्या, "यादी काकांची आहे, मी फक्त फाईल लिहिली." तो मोठेपणाही मला टोचायचा. वाटायचं, हिला द्यायला एवढं आहे म्हणून ही वाटत सुटली आहे.

एक दिवस सावरदऱ्याच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "गुंजाळसाहेब, आता म्हणं मेसेज येनार. बरं झालं, तुमचा फोन यायचा तवा आमी नेमकं जेवायला बसलेलो असायचो." आणि ते मोकळेपणी हसले. मीही हसलो. फोन ठेवल्यावर बराच वेळ हात त्याच्यावरच राहिला.

मार्च संपत आला होता. मॅडमनी पहिल्या वीस गावांना चाचणीचा संदेश पाठवला आणि वीसच्या वीस पोचले. त्या दिवशी दुपारी, कार्यालयात आम्ही दोघंच असताना, त्यांनी पडद्यावरून मान न उचलता विचारलं, "काका, गावांच्या नावांत कुठे स्वल्पविराम आहे का हो?"

"का?"

"मेसेजवाल्यांची यंत्रणा जुनी आहे. नावात स्वल्पविराम असला की आम्ही एरवी ते नाव अवतरणचिन्हांत घालतो, पण यांना अवतरणचिन्ह चालतच नाही. म्हणून मी रकाने नुसतेच जोडलेत. नावात एखादा स्वल्पविराम निघाला तर ती यंत्रणा तिथेच रकाना तोडेल आणि सगळं एक घर पुढे सरकेल. नंबरच्या जागी माणसाचं नाव जाईल. मग मेसेज जाणार कुठे? पहिल्या पानांवर तर दिसत नाहीयेत."

पहिल्या पानांवर नव्हतेच. धरणाजवळची गावं उंचावर आहेत, तिथे एका गावाला एकच नाव. खाली नदी पसरते. तिथे गाव टेकाडावर असतं आणि वस्ती अगदी काठाला. त्या वस्त्यांना मी वेगळा माणूस नेमलेला होता, आणि त्यांच्या ओळी मी अशा टंकल्या होत्या: मांडवे खुर्द, भोईवस्ती. कोळपे, खालचा मळा. निमज, बेटावरची घरं. अशा अकरा ओळी. कोणत्या अकरा, हे मला कागद न बघता सांगता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "माझी यादी आहे. एकेक ओळ मीच टंकली आहे."

"मग प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. माझ्यावर भरवसा ठेवून त्यांनी ते पान बंद केलं.

खोटं बोललो तेव्हा माझ्या मनात कोणाचं वाईट नव्हतं. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि पुढे खूप दिवस सांगत राहिलो. माझा बेत साधा होता. पाणी सुटेल, मेसेज जातील, अकरा जाणार नाहीत. साहेब विचारतील, आता काय? मग मी फोन उचलीन आणि अकराच्या अकरा वस्त्यांना कळवीन. पाणी तिथे पोचायला दोन तास लागतात, अकरा फोनांना पंधरा मिनिटं पुरतात. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. फक्त एवढंच दिसणार होतं की यंत्र चुकतं आणि गुंजाळ चुकत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी वरून हुकूम आला. खालच्या शहराच्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या, पाणी ताबडतोब सोडायचं होतं. नऊ वाजता दोन दरवाजे उचलायचे ठरलं. साडेआठला मॅडमनी प्रोग्राम चालवला, फाईल चढवली, संदेश गेले. दहा मिनिटांत अहवाल आला.

"दोनशे चौदापैकी दोनशे तीन," त्यांनी वाचलं. "अकरा गेले नाहीत. फोन बंद असतील का काका?"

"असतील. सकाळी लोक बंद ठेवतात."

"थोड्या वेळानं परत पाठवते." तेवढ्यात साहेबांनी त्यांना दरवाज्यांवर बोलावलं. जाताना त्या दारात थांबल्या. "तोवर तुम्ही त्या अकरांना फोन करून बघाल का? तुमच्याकडे घरातल्या दुसऱ्या माणसांचे नंबर असतील."

"बघतो," मी म्हणालो.

मी फोन केला नाही. आत्ता केला असता तर ते काय झालं असतं? मॅडमनी सांगितलेलं काम. सगळं गुपचूप निस्तरलं गेलं असतं, आणि संध्याकाळी साहेबांनी पुन्हा त्यांचीच पाठ थोपटली असती. साहेब परत येईपर्यंत थांबायचं, त्यांच्या देखत अकराचा आकडा काढायचा आणि मग फोन उचलायचा, असं मी ठरवलं. वेळ होता. मी टेबल आवरलं. पाण्याचा माठ भरून घेतला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.

दहा वाजले. साहेब आले नाहीत. सव्वादहाला दरवाज्यांवरचा शिपाई धावत आला आणि फळ्यावरचा विसर्गाचा आकडा पुसून नवा लिहू लागला. वरून पुन्हा हुकूम आला होता, आणि त्यांनी आणखी दोन दरवाजे उचलले होते.

"कधी?" मी विचारलं.

"साडेनवालाच की. मॅडम म्हनल्या, गुंजाळकाकांनी सगळीकडं कळवलंय, उचला."

नदी दुप्पट झाली की दोन तास दोन राहत नाहीत. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी फोन ओढला. निमजनं उचलला. कोळप्यानं उचलला. एकेकाला दोन वाक्यांत सांगत गेलो. माझा आवाज ऐकला की कोणी प्रश्न विचारत नव्हतं, "निघतो सायेब," म्हणून ठेवत होते. दहा फोन लागले. अकरावा मांडव्याच्या भोईवस्तीचा, केरू भोईचा. ती माणसं उन्हाळ्यात नदीच्या पात्रातल्या वाळूवर कलिंगडं लावायची आणि तोड होईपर्यंत तिथेच खोप करून राहायची. बराच वेळ घंटा वाजली. मग एका बाईनं उचलला.

"केरू आहे का?"

"बाजारला गेल्यात. कोन बोलतंय?"

"धरणावरून बोलतोय. तू कोण?"

"सगुना. त्यांची मंडळी."

"सगुणाबाई, पाणी सोडलंय. तुझ्यासोबत कोण आहे?"

"ल्योक हाय. आन् मामंजी खोपीत निजल्यात."

"दोघांना घे आणि आत्ताच्या आत्ता काठावर जा. सामान राहू दे. ऐकलंस का?"

ती "व्हय," म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "सायेब, वरल्या अंगानं फेस दिसतुया."

"पळ!"

फोन तिच्या हातातच राहिला असावा, कारण तो बंद झाला नाही. मला सगळं ऐकू येत होतं. लेकराचं रडणं. तिचं "मामंजी, ओ मामंजी" असं ओरडणं, आधी जवळून, मग धापा टाकत. तिचा सासरा गेणूबा भोई दोन्ही कानांनी बहिरा होता. हे मला माहीत होतं, माझ्या वहीत तसं लिहिलेलं होतं. मग पाण्यातून चालल्यासारखा आवाज आला. मग ती खूप लांबून ओरडली, आणि फोन बंद पडला.

सगुणा आणि तिचा दोन वर्षांचा मुलगा काठाला लागले. गेणूबा दुपारी दोनच्या सुमारास पाऊण कोसावर बाभळीच्या झुडपांत सापडला.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात बातमी आली. संगणक चुकला, जुन्या कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानाने दहा वस्त्या बचावल्या, अशी. माझं नाव होतं. साहेब माझ्या टेबलाशी येऊन थांबले. म्हणाले, "विश्वनाथराव, माणूस तो माणूस." निमज आणि कोळप्याची माणसं शाल-नारळ घेऊन आली. मी नको म्हणालो. त्यांना तो माझा विनय वाटला आणि त्यांनी बळेच शाल खांद्यावर टाकली. जे जे मी मनात रंगवलं होतं, ते सगळं तसंच्या तसं माझ्या पुढ्यात येत होतं.

त्या गर्दीत केरू भोईही होता. डोकं भादरलेलं. तो पुढे आला आणि त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "म्हातारं गेलं, पर माजं ल्योक तुमच्यामुळं ऱ्हायलं," असं म्हणाला. मी त्याला उठवलं नाही. माझे हात हललेच नाहीत.

मॅडमच्या हातात खुलासा मागणारं ज्ञापन पडलं. चौकशी विभागीय कार्यालयात लागली. आधी त्यांना आत बोलावलं, मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार नीट लागत नव्हतं.

"फाईल तुम्ही लिहिली?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो सर."

"यादीत स्वल्पविराम असू शकतात, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. प्रत्येक ओळीत बरोबर तीनच रकाने आहेत का, हे प्रोग्रामनं तपासायला हवं होतं. दोन ओळींचं काम होतं. मी ते लिहिलं नाही. चूक माझी आहे."

"कोणाला विचारलं होतं का?"

मी बाकाची कड धरली. आता माझं नाव येणार. खरं सांगायचं तर ते यावं असंच मला वाटत होतं. कोणीतरी ते एकदाचं उच्चारलं असतं तर बरं झालं असतं.

"फाईल माझी होती सर," त्या म्हणाल्या. "तपासायची मीच."

त्या बाहेर आल्या, शेजारी बसल्या आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या. चेहरा पार उतरलेला होता. त्या चार दिवसांत त्या मांडव्याला जाऊन आल्या होत्या, हे मला शिपायाकडून कळलं होतं.

"तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?" मी विचारलं. "मला विचारलं होतंत तुम्ही."

"काय सांगायचं काका? दोनशे चौदा नावं, बावीस वर्षांची यादी. कोणाच्या लक्षात राहणार कुठे काय टंकलंय ते? तुम्ही विसरलात, त्यात तुमचा काय दोष? आणि वेळेवर आठवून फोन केलेत म्हणून निदान ते लेकरू तरी..."

तो क्षण मला सोडून देता आला असता. आत अधिकाऱ्यांचं त्यांच्याबद्दलचं मत झालेलं होतं, बाहेर माझ्या अंगावर शाल पडलेली होती, आणि त्यांनी स्वतःच मला मोकळं केलं होतं. महिनाभर मी या बाईवर जळत होतो. त्यांची हुशारी, त्यांचं वय, साहेबांची मर्जी, सगळ्यावर. त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा कळलं, ज्याच्यावर जळावं असं त्यांच्याकडे खरोखर काय होतं ते. आणि ते मला कोणत्याच फाईलवरून उतरवून घेता येणार नव्हतं.

"मी विसरलो नव्हतो," मी म्हणालो.

त्यांना आधी कळलं नाही.

"तुम्ही विचारलंत तेव्हाच मला माहीत होतं. अकरा ओळी. आत्ताही सांगतो, कुठल्या त्या."

"आणि त्या दिवशी सकाळी? मी फोन करायला सांगून गेले तेव्हा?"

"केले नाहीत. साहेब येईपर्यंत थांबलो होतो."

"का?"

"त्यांनी बघावं म्हणून."

त्या रडतील, ओरडतील, असं वाटलं होतं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, पर्स उघडली, त्यातून पेन काढलं आणि माझ्या बाजूला बाकावर ठेवलं.

"हे सगळं लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आत्ता. आत जायच्या आधी."

मी लिहून दिलं. दोन पानं झाली. वेतनवाढी थांबल्या, धरणावरून मला भांडारात बसवलं, आणि निवृत्तीपर्यंत मी तिथेच राहिलो. मॅडमना लेखी समज देऊन सोडलं. त्यांनी प्रोग्राम दुरुस्त केला. आता एखाद्या ओळीत तिनाचे चार रकाने झाले की तो फाईल लिहायचीच थांबवायचा आणि ती ओळ दाखवायचा. वर्षभरानं त्या परीक्षा देऊन दुसरीकडे मोठ्या जागेवर गेल्या. त्या वर्षात आमची अनेकदा गाठ पडली. कामाचं बोलणं व्हायचं, नीट व्हायचं. पण काका म्हणून त्यांनी मला पुन्हा हाक मारली नाही. गुंजाळ म्हणायच्या.

लिहून दिलं त्या आठवड्यात मी मांडव्याला गेलो. दोन पानं सरकारला दिली होती, पण केरूला द्यायचा जबाब वेगळा होता. भोईवस्ती टेकाडाच्या पोटाशी, दहा-बारा घरांची. केरू जाळं विणत ओट्यावर बसला होता. मला पाहून तो धडपडत उठला.

"आवो सायेब, तुमी कशाला आलात, मीच आलो असतो की!" त्यानं घोंगडी झटकून अंथरली. आत वळून हाक मारली, "सगुने, धरणावरचं सायेब आल्यात. चा टाक. साकर जरा बरी घाल."

सगुणा दारात आली, कडेवर तो मुलगा. तिनं पदर सावरून मला नमस्कार केला आणि चुलीकडे गेली. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला. मी घोंगडीवर बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फाईल म्हणजे काय, स्वल्पविराम म्हणजे काय, हे सांगायला लागलो तर ते मलाच पळवाट काढल्यासारखं वाटलं, म्हणून ते सोडून दिलं. तुमच्या वस्तीला निरोप जाणार नाही हे मला पंधरा दिवस आधी माहीत होतं, एवढं सांगितलं. तो गेला नाही हे त्या सकाळी पावणेनऊपासून माहीत होतं, आणि मी सव्वादहापर्यंत बसून राहिलो, हेही सांगितलं.

केरूनं सगळं ऐकून घेतलं. हातातली सुई जाळ्यात तशीच अडकलेली होती.

"पानी कवा पोचंल ह्ये तुमाला ठावं व्हतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"आन् फोन?"

"पुढ्यातच होता."

"बिघडल्याला व्हता का?"

"नाही. चालू होता."

आत आधण खळखळू लागलं होतं. मुलगा काहीतरी मागत होता आणि सगुणा त्याला हळू आवाजात समजावत होती. केरू खाली बसला. त्यानं जाळं मांडीवर ओढून घेतलं, सुई मोकळी केली, आणि माझ्याकडे न बघता आत आवाज दिला.

"सगुने, चा ऱ्हाऊ दे. सायेब निघाल्यात."